मुठीची रेषा

अधिक महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, कराडच्या हेमांगीबाई शेवाळे यांचा कुत्रा त्यांच्या जावयाला चावला. तोही पाटावर बसलेल्या, पुढ्यात तेहेतीस अनारशांचं ताट असलेल्या जावयाला. शेजारपाजाऱ्यांना पुढे महिनाभर पुरेल एवढं बोलायला मिळालं.

हा जावई लेकीचा नवरा नव्हता. हेमांगीबाईंना लेक नव्हतीच. एकुलता एक मुलगा होता, अजिंक्य. चार वर्षांपूर्वी महामार्गावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मागे राहिली सव्वीस वर्षांची सून ऋतुजा, आणि अजिंक्यने शर्टात गुंडाळून आणलेलं एक तांबूस पिल्लू, बंड्या. दोन वर्षं सरल्यावर हेमांगीबाईंनी स्वतःच ऋतुजासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. निनाद माने नावाचा शांत स्वभावाचा मुलगा शोधला आणि चारचौघांत उभं राहून सुनेचं कन्यादान केलं. ज्या नातेवाईकांनी नाकं मुरडली, तेच लग्नाच्या पंगतीला सगळ्यांत पुढे बसले. गावच्या महिला मंडळाने त्यांना 'आदर्श सासू' म्हणून शाल-श्रीफळ दिलं, आणि हेमांगीबाईंना हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत चार शब्द बोलायची आमंत्रणं येऊ लागली.

तर ऋतुजा आता लेक, आणि निनाद जावई. अधिक महिना आला की जावयाला बोलावून धोंड्यांचं जेवण घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, हे ओघानेच आलं. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, हेमांगीबाईंनी अनारसे घरीच केले होते. विधवेने ओवाळू नये म्हणणाऱ्यांना त्या कधीच भीक घालत नसत.

घरी पाहुणे आले की कुत्र्याला पट्टा घालायचा आणि त्या पट्ट्याची मूठ घरच्या माणसाने हातात ठेवायची, असा सरकारी नियम होऊन तीन वर्षं झाली होती. हेमांगीबाईंनी तोही पाळला. मूठ डाव्या हातात आणि त्याच हातावर ओवाळणीचं तबक. बंड्या त्यांच्या गुडघ्याशी बसून अनारशांच्या ताटाकडे अत्यंत सभ्यपणे बघत होता.

"आई, थांबा," ऋतुजा म्हणाली. "ओवाळायच्या आधी एक सांगायचंय." ती त्यांच्या कानाशी आली. "तिसरा महिना सरला."

"अगं बाई!" हेमांगीबाईंचा चेहरा फुलला. "आणि हे तू आत्ता सांगतेस? एवढं पोटात ठेवून बसलीस?"

"पोटातच ठेवायचं असतं ना," ऋतुजा हसली. "आणि बाळंतपणाला मी इथे येणार. पहिलं बाळंतपण माहेरी."

"मग? दुसरीकडे जाऊन बघच तू! निनादराव, ऐकलंत ना? आता नीट बसा. आज दोघांचं औक्षण होतंय."

निनाद लाजून हसला आणि सरळ होऊन बसला. हेमांगीबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि त्याच्या कपाळाकडे नेलं. तेवढ्यात बंड्या उठला. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. त्याने मान पुढे केली आणि निनादच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, कडकडून चावा घेतला.

तबक पडलं, निरांजन विझलं, अनारसे घरभर झाले. ऋतुजाने बंड्याला ओढून मागच्या खोलीत कोंडलं. हेमांगीबाईंनी त्या गडबडीत पहिली गोष्ट केली ती चुकीची. तबकातून सांडलेली हळद मूठभर उचलून त्यांनी निनादच्या जखमेवर दाबली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या शालनकाकू धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हळदीनं काय व्हतंय? चुना लावा की!"

"हळद नको, चुना नको!" ऋतुजा ओरडली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, तिला ठाऊक होतं. "नळ सोडा. साबण आणा."

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. निनाद दात आवळून उभा होता आणि वर हेमांगीबाईंनाच म्हणत होता, "काही नाही हो, होतं असं." मग दवाखाना. तिथे जखमेत आणि जखमेभोवती सुया टोचून औषध घातलं, दंडात लस दिली, पुढच्या डोसांचा कागद दिला. हेमांगीबाईंनी बंड्याच्या लसीकरणाची वही पिशवीत घालून नेली होती. ती डॉक्टरांनी बघितली आणि बरं केलंत म्हणाले. संध्याकाळी त्या स्वतःच नगरपालिकेत गेल्या आणि म्हणाल्या, "माझा कुत्रा माणसाला चावलाय. लिहून घ्या." कुत्रा चावला की पहिले चार दिवस तोंड लपवणारे मालक त्या कार्यालयाने बरेच पाहिले होते. बाई आपणहून आलेली पाहून तिथल्या श्वान निरीक्षकाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चहाही मागवला.

या निरीक्षकाचं नाव डांगे. पन्नाशीचा, जाड मिशांचा, दोन्ही हातांवर जुन्या चाव्यांचे व्रण असलेला माणूस.

"कुत्रं धा दिवस आमच्याकडं ऱ्हाईल," तो म्हणाला. "ठणठणीत राहिलं तर पिसाळल्याची भीती संपली. मग अकराव्या दिवशी पट्टा उघडायचा. तुम्ही, तुमचे जावई आन् मी. काय रेघ निघती त्यावर पुढचं."

पट्टा म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. त्याला सगळे जोडपट्टा म्हणत. मुळात तो अंध माणसांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी निघाला होता, धन्याला ठेच लागायच्या आधी कुत्र्याला काय कळतं ते पाहायला. गळ्यातला भाग कुत्र्याची नाडी, श्वास आणि स्नायूंचा ताण मोजायचा. मुठीतला भाग माणसाच्या तळव्याचा घाम आणि नाडी मोजायचा. दोन्हींची वेगवेगळी एकेक रेषा निघायची. माणूस घाबरला, चिडला, हादरला की त्याच्या अंगात काही रसायनं सुटतात आणि घामातून, श्वासातून बाहेर पडतात. शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. कुत्र्याच्या नाकाला मात्र ते काही क्षणांत कळतं. आणि वर्षानुवर्षं एका घरात राहिलेल्या कुत्र्याच्या अंगात तर धन्याचा ताण आपलाच असल्यासारखा उतरतो.

संशोधकांनी हजारो चाव्यांच्या नोंदी जमवल्या आणि दोन्ही रेषा एकाखाली एक मांडल्या. दहातल्या सहा चाव्यांत आधी मुठीची रेषा उठली होती, नंतर गळ्याची. म्हणजे दात कुत्र्याचे, पण सुरुवात माणसाची. हे कळल्यावर कायदा बदलला. गळ्याची रेषा आधी उठली तर कुत्र्याची रवानगी शहराबाहेरच्या बंदिस्त आवारात, मरेपर्यंत. मुठीची आधी उठली तर कुत्रा निर्दोष. मग धन्याने कारण सांगायचं आणि ज्याला चावा बसला त्याने ठरवायचं, कुत्रा घरी जावा की नाही. मात्र मुठीची रेषा ही माणसाच्या शरीराची खासगी गोष्ट. ती उघडायची सक्ती कोणावर नाही. नाही उघडली तर दोष कुत्र्याचा धरायचा, एवढंच.

यंत्राला एक मोठी मर्यादा होती. त्याला रेषेची उंची कळायची, नाव कळायचं नाही. भीती, राग, दुःख, नुसतं दचकणं, सगळ्यांनी रेषा सारखीच उठते.

"तुमची रेघ तुमच्या मोबाइलवर बघता येती," डांगे म्हणाला. "पर बघितल्यावर झोप लागायची न्हाई बघा. आधीच सांगून ठेवतो."

हेमांगीबाईंना वाटलं, आपल्याला कशाला भीती? आपण तर आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून त्यांनी मोबाइल उघडला. वर बंड्याची रेषा, खाली त्यांची. बंड्याची बारा वाजून एकतीस मिनिटं एकोणीस सेकंदांनी उठली होती. त्यांची त्याच मिनिटाच्या आठव्या सेकंदाला.

अकरा सेकंद आधी.

चहावर साय धरली तरी त्या तशाच बसून होत्या. तबक जड होतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. निरांजनाची धग लागली असेल. पण त्यांना ते अकरा सेकंद चांगले आठवत होते. ऋतुजा कानाशी म्हणाली, तिसरा महिना सरला. आपण हसलो, आणि ते हसू खोटं नव्हतं. त्या हसण्याच्या खालून मात्र दुसरं काहीतरी आलं आणि आपण ते इतक्या चपळाईने दाबलं की आपल्यालाच ऐकू आलं नाही. हे मूल अजिंक्यचं असायला हवं होतं. या पाटावर तो बसायला हवा होता. ट्रकखाली जायचंच होतं कोणाला, तर हा का नाही गेला?

बंड्याला तेवढं नेमकं ऐकू आलं होतं.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी नगरपालिकेच्या कोंडवाड्यात बंड्याला बघायला जाऊ लागल्या. घरून भाकरी न्यायच्या, जाळीतून तुकडे सरकवायच्या. बंड्या अर्धी खायचा, अर्धी तशीच ठेवायचा आणि जाळीला अंग टेकून पडून राहायचा. आपण काय गुन्हा केला हे त्याला माहीत नव्हतं. धनीण घाबरली, समोर एक माणूस होता, म्हणून त्याने आपलं काम केलं. हेमांगीबाईंना त्याच्या डोळ्यांत बघवेना.

ऋतुजाचा रोज फोन यायचा. निनादची जखम भरतेय, ताप नाही, काळजी करू नका. पाचव्या दिवशी तिने सोनोग्राफीचं चित्र पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आई, बघा कसं गुडघे मुडपून बसलंय."

बंड्या पट्ट्यासकट कोंडवाड्यात असला तरी पट्ट्याची सुटी होणारी मूठ घरीच होती. हेमांगीबाईंनी दुपारी जेवण आटोपल्यावर ती कपाटातून काढली, डाव्या हातात घट्ट धरली आणि मोबाइलवर रेषा लावली. आधी ऋतुजाचा फोटो पाहिला. रेषा संथ. निनादचा लग्नातला फोटो पाहिला. रेषा जराशी हलली आणि बसली. मग त्यांनी सोनोग्राफीचं चित्र उघडलं. धुरकट काळ्यात एक पांढरं, मुडपलेलं इवलंसं काहीतरी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना ते खूप आवडलं. आणि रेषा भिंतीसारखी उभी राहिली.

हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. माया आणि जळणं एकाच वेळी एकाच छातीत राहू शकतं, आणि ती रेषा दोन्हींची मिळून एकच निघते.

सातव्या दिवशी त्यांनी डांगेला विचारलं, "अहो, कारण सांगायचं म्हणजे लोक काय सांगतात?"

डांगे इकडेतिकडे बघून खाली वाकला. "बाई, मी काय म्हंतो ऐका. पाल दिसली, चटका बसला, पाय मुरगळला. लोक हेच सांगत्यात आन् मी लिहून घेतो. यंत्राला कुठं कळतंय? तुम्ही म्हणा, निरांजनाचा चटका बसला. कुत्रं सुटंल, तुमची इज्जत ऱ्हाईल, जावई सही करतील. कुणाचं नुकसान हाय का?"

डांगे भला माणूस होता आणि त्याने मनापासून सांगितलं. हेमांगीबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. चटका. किती सोपं होतं! त्यांनी भाताचा कुकर लावला, तीन शिट्ट्या होईपर्यंत त्या निश्चिंत होत्या. मग कुकर उतरवता उतरवता त्यांना पुढचं दिसलं.

चटक्याने कुत्रा चावला असेल तर त्याच्यापासून धोका नाही. मग ऋतुजा ठरल्याप्रमाणे इथे येणार. सहा महिन्यांनी या घरात बाळ रडणार, कोणीतरी ते दुपट्यात गुंडाळून आपल्या मांडीवर देणार. आणि आपल्याला कितीही माया आली, तरी आपली रेषा उठायची ती उठणारच. शेजारी बंड्या बसलेला असणार. तो तेव्हाही भुंकणार नाही, गुरगुरणार नाही.

त्यांनी कुकर तसाच ओट्यावर ठेवला आणि खाली फरशीवर बसल्या.

रेषा उघडलीच नाही, तर? बंड्या जन्मभरासाठी त्या आवारात. पाप आपलं आणि भोगायचं त्या मुक्या जिवाने, ज्याला अजिंक्यने शर्टात गुंडाळून आणलं होतं. रेषा उघडली आणि खरं सांगितलं, तर ऋतुजा जाणार. बाळ जाणार. आदर्श सासूचं काय व्हायचं ते होवो, त्याची त्यांना आता फिकीर नव्हती. पण ऋतुजा गेली, तर अजिंक्यला ओळखणारं, त्याच्यावर जीव लावलेलं दुसरं माणूस त्यांना या जगात उरणार नव्हतं.

चार दिवस त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. शालनकाकूंनी खोदून खोदून विचारलं, त्यांनाही दाद दिली नाही.

अकराव्या दिवशी नगरपालिकेच्या मागच्या बाजूच्या एका लहान खोलीत चौघं बसली. भिंतीवर पडदा होता. निनादच्या हाताला पट्टी होती आणि ऋतुजाने येतानाच हेमांगीबाईंचा हात धरला होता. "आई, टेन्शन घेऊ नका. मी निनादला सांगितलंय, सही करून टाक म्हणून. बंड्याने आजवर कोणाला साधं ओरखडलंही नाहीय."

डांगेने गळ्याची रेषा पडद्यावर लावली आणि विचारलं, "मुठीची उघडायची का?"

"उघडा."

दोन रेषा एकाखाली एक आल्या. ऋतुजाला आधी कळलंच नाही. निनाद मात्र पुढे वाकला आणि सेकंद मोजू लागला. मोजून झाल्यावर त्याने हेमांगीबाईंकडे पाहिलं.

"अकरा सेकंद आधी," तो म्हणाला.

डांगेने घाईने पेन उचललं. "निरांजनाचा चटका बसला व्हता का वो बाई?"

"नाही."

"तबक गरम आसंल."

"डांगेसाहेब, तुमचे उपकार आहेत. पण चटका बसला नव्हता." हेमांगीबाईंनी ऋतुजाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो तिने धरून ठेवला असता तर त्यांना बोलता आलं नसतं. "ऋतुजा कानात म्हणाली, तिसरा महिना सरला. तेव्हा माझ्या मनात आलं, हे अजिंक्यचं हवं होतं. मनात आलं, त्या ट्रकखाली माझा पोरगा का गेला? हा का नाही गेला?" त्यांनी निनादकडे पाहिलं. "तुमच्या कपाळाला कुंकू लावताना मी हा विचार करत होते, निनादराव. बंड्याने फक्त तो ऐकला."

डांगेचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं आणि शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"मी हे सांगितलंही नसतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचं ठरवलं होतं मी. पण मग तू इथे आली असतीस बाळंतपणाला. मी मूठ धरून बाळाचं चित्र बघितलं, ऋतुजा. माझी रेषा उठते. मला ते बाळ हवंय, आणि तरी ती उठते. तुझ्या बाळाच्या शेजारी मी आणि बंड्या एकत्र असणं बरं नाही. माझ्या मनाचा मला भरवसा राहिलेला नाही."

ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला होता.

बोलला निनाद. बराच वेळ तो आपल्या पट्टीकडे बघत होता. "पाटावर बसलो तेव्हा मलाही वाटत होतं, ही जागा आपली नाही," तो म्हणाला. "पण वाटणं वेगळं आणि ऐकावं लागणं वेगळं." त्याने डांगेकडून कागद ओढून घेतला. उजवा हात दुखत होता, म्हणून डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. "कुत्रा घरी जाऊ दे. त्याची काही चूक नाही. पण बाळंतपण आमच्या घरी होईल. आणि मला थोडे दिवस तिकडे यायला जमेल असं वाटत नाही." आवाज चढवला नव्हता त्याने. तो उठला आणि जरा बाहेर जाऊन येतो म्हणून फाटकाकडे निघून गेला.

डांगेने खाकरून घसा साफ केला. "कारणाच्या रकान्यात एवढं मावत न्हाई, बाई," तो ओशाळून म्हणाला. शेवटी त्याने तिथे 'घरगुती' असं लिहिलं, शिक्का मारला आणि बंड्याला आणायला गेला.

मागच्या आवारात, कोंडवाड्याच्या समोर एक सिमेंटचा बाक होता. हेमांगीबाई त्यावर बसल्या. ऋतुजा निघून जाईल असं त्यांना वाटलं होतं, पण ती आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. डांगेने बंड्याला आणून सोडलं आणि हेमांगीबाईंनी घरून आणलेली मूठ त्याच्या पट्ट्याला जोडून हातात धरली. बंड्याने दोघींना हुंगलं, शेपटी हलवली आणि दोघींच्या मधे जमिनीवर अंग टाकलं.

"मला राग आलाय तुमचा," ऋतुजा म्हणाली.

"येणारच."

"निनादबद्दल बोललात त्याचा आलाच आहे. तो वाईट नाही हो. माझ्यासाठी त्याने किती..." मग ती एकदम म्हणाली, "पण त्याआधीचा जास्त आहे. तुम्ही इतक्या चांगल्या वागलात की मला अजिंक्यचं नाव काढायची सोयच ठेवली नाहीत. तुम्ही हसत होतात, स्थळं बघत होतात, सत्कार घेत होतात. मला वाटायचं, त्यांनी आई असून मागे टाकलं, मग मी कोण रडणारी? इथे यायच्या आधी मी दर वेळी कोपऱ्यावर थांबून तोंड धुऊन येते."

हेमांगीबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. दोन वर्षं ही मुलगी त्यांच्यासमोर हसत होती, आणि दोन वर्षं त्या तिच्यासमोर. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि त्या जपण्यात अजिंक्यला दोघींनी पुन्हा एकदा घराबाहेर काढलं होतं.

"मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय, आई," ऋतुजा हळूच म्हणाली. "तुम्हाला विचारायचं होतं. हिंमत झाली नाही."

हेमांगीबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. खूप प्रयत्न केला.

"मलाही," त्या म्हणाल्या.

मग दोघी रडल्या. बाकाच्या दोन टोकांना बसून, एकमेकींना हात न लावता, अगदी पोटभर रडल्या. पलीकडच्या जाळ्यांतली कुत्री भुंकायची थांबून ऐकू लागली. रडून झाल्यावर ऋतुजाने ओढणीने नाक पुसलं.

"संध्याकाळी याला फिरायला न्यायचा तेव्हा हाक मारायचा ना तो? बंडोपंत, चला हपिसात."

"तसं नाही गं. 'बंडोपंत'ला लांबवायचा. बंडोपंऽत."

"पंत नाही लांबवायचा, आई. आधी जीभ टाळ्याला लावून दोनदा टक् टक् करायचा. मग बंडो म्हणून थांबायचा. मग पंत चढ्या आवाजात." तिने टाळ्याला जीभ लावली. टक्, टक्. "बंडो, पंत! चला हपिसात!"

आवाज ऋतुजाचाच होता. पण चाल त्याची होती.

बंड्या ताडकन उभा राहिला. त्याचे कान टवकारले, शेपटी थरथरायला लागली. त्याने ऋतुजाकडे पाहिलं नाही, हेमांगीबाईंकडे पाहिलं नाही. तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला आणि वाट बघू लागला. आणि ते बघून या दोन शहाण्यासुरत्या बायकाही, सगळं माहीत असताना, फाटकाकडे बघत राहिल्या.

फाटकातून निनाद आला. पट्टीचा हात छातीशी धरून, सावकाश. तिघांना आपल्याकडे टक लावून बघताना पाहून तो मध्येच थबकला.

बंड्याचे कान खाली पडले. हेमांगीबाईंचाही चेहरा उतरला, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. मूठ त्यांच्या हातात होती. त्यांनी ती ऋतुजाकडे दिली, उठल्या आणि बाकावर मधली जागा पदराने पुसली.

"वाट दुसऱ्याची बघत होतो रे आम्ही," त्या निनादला म्हणाल्या. "पण आलास तू. ये, बस."

निनाद थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग आला आणि बसला, बंड्यापासून हातभर अंतर ठेवून.